पाचवा रकाना

१. छाती छत्तीस

शिवणवाल्या आजींनी हवेत माप घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अख्खा वॉर्ड हसला.

"छाती छत्तीस," आजी म्हणाल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हातानेच त्यांनी समोरच्या रिकाम्या हवेला न दिसणारी टेप गुंडाळली. "कंबर... अगं, कंबर कुठे गेली हिची? सरळ उभी राहा की! ठोंब्यासारखी वाकून काय उभी राहतेस?"

समोरच्या खाटेवरची बाई चादरीत तोंड खुपसून खुदुखुदु हसत होती. कोपऱ्यातल्या दोघींनी तर आपापली मापंसुद्धा सांगून टाकली. दवाखान्यात सकाळी साडेदहाला करमणूक म्हणून मिळते तरी काय? तापमान मोजणारी काडी आणि भिंतीवरचं घड्याळ.

हसली नाही ती एकटी भिंगरी.

भिंगरी तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. पंधरा वर्षांची ही मुलगी एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. शाळेचा जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरताना घोटा मोडला, म्हणून नाइलाजाने ती आठ नंबरच्या खाटेवर आली होती, आणि आता चाकांच्या खुर्चीवर बसून, पाय पुढे तोफेसारखा धरून, एक्सरे काढून परत येत होती.

तिने आजींचं कपाळ पाहिलं. पंखा गरगरत होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि आजींच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब होते. ओठ थरथरत होते.

हा घाम भिंगरीच्या ओळखीचा होता. नवव्या वर्षापासून तिला डायबेटिस होता आणि दिवसातून चारदा ती स्वतःला इन्सुलिन टोचायची. शुगर खाली घसरली की आधी हाच घाम येतो. मग माणूस बरळतो. मग...

"सिस्टर!" ती इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचा रखवालदार वर बघायला लागला. "सात नंबर! शुगर बघा, आत्ताच्या आत्ता!"

नव्या सिस्टर धावत आल्या. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. छोट्या यंत्राने पाच सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला.

एक्केचाळीस.

हसणं एकदम थांबलं. शुगर सत्तरच्या खाली गेली की काळजी करायची असते; एक्केचाळीस म्हणजे पडायला आलेल्या कड्याचं टोक. डॉक्टरदादा पळत आले, शिरेतून ग्लुकोज गेलं, कुणीतरी पाय चोळले, कुणीतरी नुसतीच धावपळ केली. दहा मिनिटांनी आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "माझी टेप कुणी घेतली?"

वॉर्डाने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात दारात मेट्रन उभ्या राहिल्या.

मेट्रन चालताना आवाज होत नसे. म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटे. त्यांनी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला चार्ट उचलला, वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"सकाळचं इन्सुलिन कोणी दिलं?"

"मी," नव्या सिस्टर म्हणाल्या. "वीस युनिट."

"वीस," मेट्रन शांतपणे म्हणाल्या, "की चाळीस?"

२. चाकांची खुर्ची निघते

नव्या सिस्टर तीन महिन्यांच्या चाचणीवर होत्या. त्यातले दोन महिने आणि तीन आठवडे झाले होते.

"पाच वाजता माझ्या खोलीत या," मेट्रन म्हणाल्या. "येताना लिहून आणा, दोनदा दिलं की दुप्पट दिलं. दोन्हींपैकी एकच खरं असणार."

"मॅडम, मी एकदाच..."

"पाच वाजता."

आजी आता उशीला टेकून बसल्या होत्या. जीव वाचल्यावर माणसाला तक्रारी आठवतात, तशा त्यांना आठवल्या. "मला सकाळीच संशय आला होता," त्या म्हणाल्या. "या मुलीने सुई अशी कचकन टोचली म्हणता! डोळ्यात पाणी आलं माझ्या. मोठ्या सिस्टर देतात तर कळतसुद्धा नाही. हात लागतो त्याला, हात. मी चाळीस वर्षं सुई धरलीय, मला विचारा."

नव्या सिस्टरांचा चेहरा आणखी उतरला.

भिंगरीला हे अजिबात सहन झालं नाही. कारण शनिवारी ती भरती झाली, तेव्हा प्रत्येकाने "अगंबाई, एवढ्या लहान वयात शुगर?" असं म्हणून तिचं डोकं खाल्लं होतं. फक्त नव्या सिस्टरांनी तिची वही उघडून म्हटलं होतं, "वा! माझ्यापेक्षा नीट नोंद ठेवतेस तू."

वही कसली, आईचा जाच होता तो. पहिल्या पानावर आईने एका बाईचं चित्र काढून पोट, मांड्या, दंड यांचे चौकोन पाडले होते, आणि आज या चौकोनात, उद्या त्या चौकोनात, असा सगळा नकाशा. डाव्या मांडीवर मोठी फुली होती. त्या मांडीला एकदा वर्षभर बंदी घातली होती आईने, इतकी कडक की शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा तिच्यापुढे मवाळ वाटाव्यात.

भिंगरीने खुर्ची पुढे ढकलून आजींचा चार्ट पाहिला. चार रकाने. वेळ, शुगर, युनिट, सही.

रविवार संध्याकाळ, वीस, मोठ्या सिस्टरांची सही. सोमवार सकाळ, वीस, त्यांचीच. सोमवार संध्याकाळ, वीस, त्यांचीच. आज मंगळवार, सकाळी आठ, शुगर दोनशे एकतीस, वीस युनिट, नव्या सिस्टरांची सही. एकदाच. स्वच्छ अक्षरात.

"सिस्टर," तिने हळूच विचारलं, "खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"वीसच दिले गं," नव्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण पुसायला हवे होते. "पण आता मलाच वाटायला लागलंय, की दोनदा दिले असतील का?"

माणसाच्या स्वतःवरच्या विश्वासाचं असं पाणी होताना भिंगरीने कधी पाहिलं नव्हतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी.

तिच्याकडे सहा तास होते, एक मोडका घोटा होता आणि चार चाकं होती. ती निघाली.

३. मावशीने पाहिलेली गोष्ट

पहिली गाठ पडली ट्रॉलीमावशींशी. वॉर्डात कोण किती खातं, कोण कुणाशी बोलत नाही आणि कुणाचा जावई कसा आहे, हे सगळं त्यांना ठाऊक असे.

"मावशी, आजींनी सकाळी नाश्ता केला का? न खाता इन्सुलिन बसलं तरी शुगर पडते, म्हणून विचारते."

"केला की! दूध, ब्रेड, अंडं. ताट असं रिकामं, की घासायचीसुद्धा गरज नव्हती. माझ्यासमोर खाल्लं. आणि तू कोण गं, पोलीस?"

"पोलीस नाही. शेजारी."

"मग शेजारधर्म म्हणून एक बिस्किटाचा पुडा दे, आणि आणखी एक सांगते."

भिंगरीने उशीखालचा पुडा काढला. तो तिचा शुगर पडल्यावरचा राखीव साठा होता, पण काम मोठं होतं.

मावशींनी आवाज खाली नेला. "आधी त्या डॉक्टरदादाला विचार. आजींचा डोस त्यानेच लिहिला. सकाळपासून नखं खातोय. मग ये माझ्याकडे."

डॉक्टरदादा खरंच नखं खात होते. भिंगरीला पाहून त्यांनी बोट तोंडातून काढलं आणि खिशात घातलं.

"दादा, चार्टवर वीसच लिहायचे होते ना? बारा वगैरे नाही?"

"हे बघ," ते चिडून म्हणाले आणि फाईल उघडून दाखवली. आकड्यात वीस, पुढे अक्षरात वीस, खाली दोन रेघा. "सकाळ-संध्याकाळ वीस. घरी वीसच घेतात त्या. मी मनाने नाही लिहिलं. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. वर्षापूर्वी आठ होते. मग बारा, मग पंधरा, मग अठरा, मग वीस. शुगर उतरतच नाही म्हणून वाढवत गेले."

"आजी तर एवढ्याशा आहेत. चिमणीएवढं खातात."

"ते मला नको सांगूस. शुगरला सांग." मग त्यांचा आवाज नरमला. "पेशंट गेली असती, भिंगरी. मी पण रात्री घरी जाऊन उशीत तोंड घालणार आहे. पण डोस बरोबर आहे, म्हणजे देण्यात चूक झाली."

चिमणीएवढी आजी, आणि वर्षात डोस अडीचपट. हे भिंगरीला शर्टाच्या आत राहिलेल्या टोचऱ्या लेबलसारखं खुपलं. पण का खुपलं, ते तिला समजेना.

ती परत ट्रॉलीमावशींकडे आली. "आता सांगा."

मावशींनी आजूबाजूला पाहिलं. "आजींची सून. सकाळी आठला आली होती. मी ताट ठेवायला गेले, तर बाईसाहेब खणातून काहीतरी काढून पर्समध्ये कोंबत होत्या. मला पाहून अशा दचकल्या, की पर्सच खाली पडली."

"काय होतं ते?"

"पेन," मावशी म्हणाल्या. "लिहायचं नव्हे. इन्सुलिनचं."

४. तीन पेनं

दुपारी तीनला सून आली. ती बँकेत कामाला होती, चालायची घाईत, बोलायची घाईत, आणि सासूबाईंच्या खाटेजवळ आली की दोन्ही बंद.

भिंगरीने तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं. खुर्ची बरोबर वाटेत आडवी लावली.

"काकू, पर्समधलं पेन दाखवाल का?"

सुनेचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. मग तिने पर्स उघडली, कारण पॅसेज अरुंद होता आणि तोफेसारखा पाय समोर होता.

पेन जुनं होतं. आतली काच उभी तडकलेली, आणि दवाखान्यातल्या मलमपट्टीसारखा इन्सुलिनचा तो ओळखीचा वास. भिंगरीने बटण दाबून पाहिलं. थेंबही आला नाही, सगळं वाळून खडखडीत झालं होतं.

"रविवारी पडल्या ना त्या, तेव्हा हे पिशवीत होतं," सून म्हणाली. "त्यांच्याबरोबर तेही फुटलं. तरी खणात जपून ठेवलेलं! मी फेकायला निघाले होते."

"मग लपवत का होतात?"

"त्या सुईसाठी." सुनेने पेनाच्या टोकाकडे बोट दाखवलं. "सहा महिने एकच सुई वापरताहेत. दर वेळी नवी लावा म्हटलं, तर म्हणतात, सुई बोथट झाल्याशिवाय बदलायची नसते, शिवणाची असो नाहीतर अंगाची. फेकली म्हटलं असतं तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्यांना घाबरून मी अजून भाजीत मीठ त्यांना विचारून घालते, कळलं का तुला?" आणि एवढं बोलून ती चक्क रडायला लागली. "सकाळी फोन आल्यापासून बँकेत एक बेरीज धड जुळली नाही माझी."

भिंगरीने तिला आपला रुमाल दिला. संशयितांच्या यादीतून नाव खोडताना निदान एवढं तरी करावं लागतं.

आता उरली दोन पेनं. वॉर्डाच्या कपाटात कुलपाखाली इन्सुलिनची दोनच पेनं होती: एक आजींचं, एक भिंगरीचं. किल्ली मोठ्या सिस्टरांच्या कमरेला.

मोठ्या सिस्टर जाडजूड, हसऱ्या आणि आजींच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे सगळे कपडे आजींनी शिवलेले. म्हणून आजींची सुई त्या दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. आज सकाळी मात्र त्यांना मीटिंग होती.

"मोठ्या सिस्टर, रागावू नका हं," भिंगरी म्हणाली, "पण मीटिंगला जायच्या आधी सवयीने तुम्हीच तर नाही ना देऊन गेलात? आणि मग नव्या सिस्टरांनी पुन्हा?"

मोठ्या सिस्टरांचं हसू मावळलं. "मलाही दिवसभर तेच वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. "सवयीचं काम हाताने कधी केलं, ते डोक्याला कळत नाही."

"मग पेनालाच विचारू. ते खोटं बोलणार नाही."

कपाट उघडलं. आजींचं पेन रविवारी संध्याकाळी नवं कोरं उघडलं होतं. नव्या पेनात तीनशे युनिट. चार वेळा वीस, म्हणजे ऐंशी. दर वेळी टोचण्याआधी हवा काढायला दोन युनिट बाहेर सोडायचे, ते आठ. गेले अठ्ठ्याऐंशी. उरायला हवेत दोनशे बारा.

दोघींनी पेन खिडकीशी धरलं. आतला तांबडा दट्ट्या दोनशेच्या रेघेच्या किंचित वर. दोनशे बाराच. एखादा वीसचा डोस जास्त गेला असता, तर तो केव्हाच रेघेखाली उतरला असता.

मग भिंगरीने आपलं पेन आणि आपली वही समोरासमोर धरली. आजींना चुकून तिच्या पेनातून तर दिलं नसेल? बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा केली. युनिट न् युनिट जागच्या जागी.

तीन पेनं. एक फुटकं, दोन प्रामाणिक.

म्हणजे आजींना जास्त इन्सुलिन कुणीच दिलं नव्हतं.

"मग शुगर पडली कशी?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

भिंगरीने पुन्हा वहीतली बेरीज पाहिली. आणि घड्याळात पाच वाजत होते.

५. थांबा!

पावणेसहाला नव्या सिस्टर मेट्रनच्या खोलीतून बाहेर आल्या. त्या सरळ आपल्या कपाटाकडे गेल्या आणि त्यातला कप, कंगवा, रुमाल एका पिशवीत भरायला लागल्या.

"पेनातली मोजणी मोठ्या सिस्टरांनी सांगितली ना?" भिंगरी कळवळून म्हणाली.

"सांगितली. मॅडम म्हणाल्या, रेघा ठोकळ असतात, त्यावर मी पेशंटचा जीव टांगणार नाही. दुसरं कारण दाखवा, म्हणाल्या. आणि ते नाही माझ्याकडे." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "तू नीट राहा हं. वही सोडू नकोस."

भिंगरी खुर्ची फिरवत राहिली. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. वॉर्डातल्या बायका ओरडल्या, "अगं, डोळे गरगरायला लागले आमचे!" पण थांबलं की तिचं डोकंही थांबायचं.

सहा वाजले. संध्याकाळच्या इन्सुलिनची वेळ. आजींची शुगर दोनशे चौसष्ट. दिवसभर ग्लुकोज आणि गोड रस पाजल्यावर आणखी काय होणार? डॉक्टरदादांनी चार्ट पाहून मान हलवली. "चूक देण्यात होती, डोसमध्ये नाही. वीस द्या."

भिंगरीनेही आपलं पेन घेतलं, सुई बदलली आणि वही उघडली. सवयीने. आज कुठला चौकोन? पोट, उजवीकडे, वरचा. तिने सुई टेकवली. टचकन दुखलं.

"आई गं," ती पुटपुटली.

आणि तिचा हात जागच्या जागी थबकला.

दुखलं. ताज्या जागी नेहमीच दुखतं. आजींना सकाळी दुखलं होतं. आणि रोज दुखत नाही. *मोठ्या सिस्टर देतात तर कळतसुद्धा नाही.* घरी सहा महिन्यांची बोथट सुई, तीही कळत नाही? असं एकाच ठिकाणी होतं. डाव्या मांडीवर. वहीतल्या त्या फुलीखाली.

शेजारच्या खाटेवर मोठ्या सिस्टर पेन घेऊन वाकल्या होत्या. "आजी, या बाजूला सलाईनची नळी आडवी येतेय," त्या म्हणत होत्या. "आज आपण दुसऱ्या बाजूला घेऊ, हं? वीसच आहेत."

"थांबा!" भिंगरी किंचाळली. "त्या बाजूला वीस देऊ नका! आजी मरतील!"

६. कुठे?

आवाज न करता चालणाऱ्या मेट्रन या वेळी चक्क धावत आल्या.

"काय तमाशा चाललाय?"

भिंगरीची गाडी सुटली होती. "मॅडम, फक्त एक प्रश्न विचारू द्या. नव्या सिस्टरांना बोलवा. त्या अजून जिन्यावरच असतील."

नव्या सिस्टर पिशवीसकट आल्या.

"सिस्टर, सकाळी सुई कुठे दिलीत?"

"कुठे म्हणजे?" त्या गोंधळल्या. "उजव्या मांडीवर."

"का? आजी तर म्हणाल्या असतील, नेहमीच्या जागी द्या."

"म्हणाल्या ना. बेंबीच्या डावीकडे, दोन बोटं सोडून. पण तिथे हात लावला तर टणक लागलं. म्हटलं, इथे नको. म्हणून जागा बदलली."

"हे मला का नाही सांगितलंत?" मेट्रननी विचारलं.

"तुम्ही 'किती' विचारलंत, 'कधी' विचारलंत, 'कितीदा' विचारलंत," नव्या सिस्टर म्हणाल्या. "कुठे ते कुणीच विचारलं नाही. आणि चार्टवर लिहायला जागाच नाही."

मेट्रननी पडदा ओढला आणि आजींच्या पोटाला हात लावला. त्यांची बोटं त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरली.

"लिंबाएवढी गाठ आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"गाठ कसली, जागा आहे माझी ती!" आजी आतून गरजल्या. "चार वर्षं तिथेच घेतेय. दुखत नाही, रक्त येत नाही, डोळे मिटून सापडते. मापात असतं माझं सगळं."

"मलाही अशीच झाली होती, डाव्या मांडीवर, द्राक्षाएवढी," भिंगरी म्हणाली. "तिथे टोचलं की दुखायचं नाही, म्हणून मी चोरून तिथेच टोचायचे. एकाच जागी सारखं इन्सुलिन घेतलं की कातडीखाली अशी गाठ धरते, आणि सुई जुनी असली की आणखीच. त्या गाठीतून इन्सुलिन अंगात धड उतरत नाही. अडकून बसतं. मग शुगर चढते. मग डॉक्टर डोस वाढवतात. आठ, बारा, पंधरा, अठरा, वीस! वीसातले किती आजींना मिळत होते, देव जाणे. आज सकाळी नव्या सिस्टरांनी पहिल्यांदाच चांगल्या जागी दिलं, आणि वीसच्या वीस पोचले."

"तुझं काय झालं होतं?" डॉक्टरदादांनी विचारलं. त्यांचं बोट पुन्हा तोंडाशी गेलं होतं.

"आईने मांडी बदलायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या रांगेत आडवी. तेव्हापासून तो नकाशा."

डॉक्टरदादा वाकले, त्यांनीही गाठ तपासली, आणि सरळ होताना त्यांचे कान लाल झाले होते. "मी फाईल पाहिली," ते म्हणाले. "पोट नाही पाहिलं." त्यांनी वीसवर काट मारली. "नव्या जागी दहा. रात्री दोनदा शुगर तपासायची. उद्याचं उद्या ठरवू."

मोठ्या सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. "मी त्यांचं ऐकत राहिले. त्यांना दुखू नये म्हणून."

"या मुलीने ऐकलं नाही, ते बरोबर केलं," मेट्रन म्हणाल्या. मग त्या नव्या सिस्टरांकडे वळल्या, आणि वॉर्डाने कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "हा कागद मी छापून घेतलाय. अकरा वर्षं झाली. चार रकाने माझे आहेत, तुमचे नाहीत. ती पिशवी सोडा."

नव्या सिस्टरांना गाठ सुटेना. दुपारपासून थांबलेल्या सुनेने पुढे होऊन ती दातांनी सोडवली.

मेट्रननी खिशातलं लाल शाईचं पेन बाजूला ठेवलं, निळं पेन काढलं, पट्टी मागितली. पट्टी कुणाकडेच नव्हती. आजींनी उशीखालून मोजायची टेप काढली. "घ्या. ताणून धरा, सरळ येईल."

टेपच्या काठाने चार्टवर एक उभी रेघ उतरली. वर शब्द लिहिला गेला: जागा.

७. सकाळी आठ

दुसऱ्या दिवशी आजींनी भिंगरीची वही मागवून घेतली आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या रेघांनी, पण मापात चुकू न देता, स्वतःचा नकाशा बेतला. पोटाचे सहा तुकडे, मांड्यांचे चार. गाठीवर भली मोठी फुली.

"एकाच ठिकाणी टाके घालत राहिलं की कापड आवळून येतं, हे मी पोरींना चाळीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या कापडाचं लक्षात आलं नाही. भिंगरे, बरी झालीस की ये. तुझ्या या फिरत्या पायांना शोभेल असा घेरदार झगा शिवते."

"आजी, मी झगा घालत नाही."

"मग खिसेवाली पँट शिवते. मेली नाटकं."

आठ वाजता नव्या सिस्टर आल्या. शुगर एकशे बावन्न. डोस बारा. नवी सुई लावली, दोन युनिट हवेत सोडले, नकाशावर बोट ठेवलं. उजवी मांडी, वरचा चौकोन.

वॉर्डातल्या सगळ्या बायका माना उंचावून पाहत होत्या. ट्रॉलीमावशी ताट हातात धरून उभ्या होत्या. भिंगरीची खुर्ची, कधी नव्हे ती, एका जागी थांबली होती.

"आई गं!" आजी दवाखाना दणाणून ओरडल्या. "टोचली की!"

आणि अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या.

नव्या सिस्टरांनी चार्ट उचलला. वेळ लिहिली, शुगर लिहिली, युनिट लिहिले. मग पाचव्या रकान्यात सावकाश, स्वच्छ अक्षरात जागा लिहिली, आणि त्यानंतरच सही केली.